पुस्तक मिटून म्हणणारी मुलगी

माझे शिक्षण कृष्णाकाठच्या एका पाठशाळेत झाले. तेथे संथा घेण्याची रीत अशी होती, की गुरुजींनी चरण एकदा म्हणावा आणि आम्ही तो दोनदा म्हणावा. चुकल्यास पुन्हा दोनदा. पोथी गुरुजींच्या पुढ्यात चौरंगावर असे. पाठ शुद्ध झाल्याखेरीज ती उघडण्याची आम्हांला अनुज्ञा नसे. अक्षर कानांनी घ्यावे आणि डोळ्यांनी केवळ पडताळावे, अशी आमची घडण झाली. पुढे चाळीस वर्षे निरनिराळ्या शाळांत संस्कृत शिकवताना मी हीच रीत पाळली. ती पाळतो याचा मला अभिमान होता, आणि त्या अभिमानापायी एका मुलीचे अख्खे वर्ष मी वाया घालवले.

निवृत्त होऊन पाच वर्षे झाली होती. बदलापूरच्या एका मराठी शाळेत आठवीला संस्कृत शिकवण्यास कोणी मिळेना, तेव्हा तेथील मुख्याध्यापक घरी आले आणि आठवड्याचे सहा तास मी पत्करले. हेंद्रेपाड्यातील माझ्या घरापासून शाळा पंधरा मिनिटांच्या अंतरावर आहे. सकाळची पूजा आटोपून, कपाळीचे गंध वाळेपर्यंत मी फाटकाशी पोहोचत असे. मुले मला पाहून खेळ थांबवीत नसत, पण आवाज थोडा खाली आणीत. या वयात तेवढा आदर पुष्कळ वाटतो.

ही मुलगी पहिल्या बाकावर, खिडकीच्या अंगाला बसे. पहिल्या आठवड्यातच मी तिचा आवाज वेगळा ओळखला. वर्ग एका सुरात चरण म्हणत असताना तिचा स्वर वरून निराळा ऐकू येई. ऱ्हस्व-दीर्घ नेमके, विसर्ग स्वच्छ, श्वास घ्यायचा तेथेच घेतलेला. सहा-सहा महिने घासूनही मुलांच्या जिभेवर न बसणारी जोडाक्षरे तिला दुसऱ्याच आवर्तनात साधत. मी पाठ्यपुस्तकातील वंदना एकेकाकडून वाचून घेत होतो. तिची पाळी आली तेव्हा ती उठून म्हणाली,

"सर, बुक बंद करून बोलू?"

"'म्हणू' म्हणावे. हं, म्हण."

एवढीच दुरुस्ती मी केली. तिने पुस्तक मिटले, हात जोडले, आणि पूर्ण वंदना एकही अक्षर न अडखळता म्हटली. मी सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या आणि सांगितले, की विद्या अशी असावी, पुस्तक हरवले तरी जी हरवत नाही.

त्या दिवसापासून ती दर वेळी पुस्तक मिटूनच म्हणू लागली. तिच्या देखादेखी आणखी चार-पाच जण मिटू लागले. मागच्या बाकावरची मुले तिला चिडवीत. "ए ब्लूटूथ, चालू हो ना! सर आले." तीही कमी नव्हती. "तुझी बॅटरी डाऊन आहे, तू गप बस," असे वळून सांगे. मला त्या चिडवण्यातही कौतुकच ऐकू येई.

तिचे कुटुंब मूळचे देशावरचे. ती सात-आठ वर्षांची असताना आई-वडील उल्हासनगरला आले आणि पुढे भाडे परवडेना म्हणून बदलापूरला सरकले. वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात, आई उल्हासनगर कॅम्प एकमध्ये जीन्सच्या कारखान्यात शिवलेल्या कपड्यांचे सुटे धागे कापण्याच्या कामावर. महासाथीत शाळा बंद होत्या तेव्हा ती तिसरी-चौथीत होती. घरात एकच फोन होता आणि त्याच्या काचेला तडे गेल्यामुळे चित्र दिसत नसे, आवाज मात्र येई. तेव्हाच्या बाई धडे वाचून त्याचे ध्वनिमुद्रण पाठवीत. ती ते दिवसभर ऐके. हे सगळे तिने मला पहिल्या महिन्यातच हसत सांगितले होते. दोन वर्षे जिने धडा केवळ ऐकला, तिने तो वाचला कधी, हा प्रश्न माझ्या मनात त्या वेळी उभा राहिला नाही. माझ्या मनात आले ते एवढेच, की पाहा, अडचणीच्या काळात या लेकराच्या वाट्याला जुनी गुरुकुलाची रीत आली आणि तिच्या कानाला केवढे वळण लागले.

शाळेत मराठी शिकवणाऱ्या एक तरुण बाई होत्या. त्यांची एक पद्धत मला आरंभी पोरकट वाटे. मधल्या सुट्टीत त्या जिन्याखालच्या बाकावर बसत आणि रोज पाच-सहा मुलांना एकेकटे बोलावून एक-एक मिनिट वाचायला लावीत. वाचायला पुस्तक नसे. साबणाचे वेष्टन, जुनी निमंत्रणपत्रिका, वर्तमानपत्राचा फाटका तुकडा, असे काहीबाही त्यांच्या पिशवीत असे. मी एकदा विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "धड्यातलं देऊन उपयोग नसतो, सर. ते ऐकून ऐकून पाठ झालेलं असतं. जे कुणी त्यांना ऐकवलेलंच नाही, ते द्यावं लागतं. आणि एकटं. चारचौघांत मुलं शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघतात."

श्रावणातल्या एका सोमवारी मी अंबरनाथच्या शिवालयात जाऊन, उपवासाच्या दिवसाचा थोडा थकवा घेऊन शिक्षक-खोलीत बसलो होतो. बाई आल्या.

"सर, दोन मिनिटं आहेत?"

"या, बसा."

"तुमची ती पहिल्या बाकावरची. तिला वाचता येत नाही."

मी हसलो. "बाई, तुमचा कोणाशी तरी घोटाळा होतो आहे. ती आठवीतील सर्वोत्तम मुलगी आहे."

"पाठांतरात असेल. शनिवारी मी तिला एक पत्रिका दिली. तिने मला चिरंजीव, चिरंजीव सौभाग्यकांक्षिणीपासून मुहूर्तापर्यंत सगळं छान म्हणून दाखवलं. शेवटी 'अक्षता टाकायला यायचं हं' पण म्हणाली."

"मग?"

"पत्रिका वास्तुशांतीची होती, सर."

मी उपरणे सारखे केले. मग म्हणालो, "घाबरली असेल."

"घाबरली नव्हती. मजेत होती. तेच मला वाईट वाटलं."

बाईंचे मागणे मोठे नव्हते. शाळा सुटल्यावर मी या मुलीकडून अर्धा तास पाठांतराची तयारी करून घेत असे. अंबरनाथला होणाऱ्या पाठांतर स्पर्धेसाठी शाळेने तिचे नाव दिले होते. तो अर्धा तास त्यांना हवा होता. अक्षरांपासून पुन्हा सुरुवात केली तर वर्षअखेरीपर्यंत मुलगी वाचायला लागेल, अशी त्यांची खात्री होती.

"स्पर्धा होऊ द्या," मी म्हटले.

"स्पर्धा डिसेंबरात आहे. आत्ता श्रावण चाललाय."

"चार महिने म्हणजे काय मोठा काळ?"

"तिच्यासाठी आहे, सर. पुढच्या वर्षी नववी. तिथे पेपर लिहावाच लागतो. बाकीच्या विषयांत तिला कसंबसं ढकलत इथवर आणलंय सगळ्यांनी."

यावर मी जे बोललो ते मला आजही विसरता येत नाही. मी म्हणालो, "तुमच्या डी.एड.ला पाठांतराची साधना शिकवीत नसतील, म्हणून तुम्हांला तिचे मोल कळत नाही."

बाईंनी वह्यांचा गठ्ठा उचलला. "ठीक आहे, सर," म्हणाल्या आणि तासावर गेल्या.

सहामाहीत तिची उत्तरपत्रिका माझ्याकडे तपासायला आली. पहिली चाचणी मी तोंडी घेतली होती, त्यामुळे तिचा लिहिलेला कागद मी प्रथमच पाहत होतो. अक्षर अतिशय देखणे होते, शिरोरेघा ताणलेल्या दोरीसारख्या सरळ. पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून तिने पहिला प्रश्नच उतरवून काढला होता. दुसऱ्याचे उत्तर म्हणून दुसरा. संपूर्ण प्रश्नपत्रिका, कंसातील सूचनांसह, तिने नक्षी काढावी तशी कागदावर काढली होती.

मी तो कागद किती वेळ हातात धरून बसलो होतो, ते मला आठवते. बाईंचे शब्दही त्या वेळी आठवले. तरीही मी मनाची समजूत घातली, की सरावाचा ताण झाला असेल, वेळ पुरला नसेल. मुखात सारे आहेच, असे म्हणून तिला उत्तीर्णतेपुरते गुण दिले. न पाहिलेली चूक मनुष्याला क्षम्य असते. मी ती पाहिली होती.

त्यानंतरच्या पालकसभेला तिची आई आली. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. साडीच्या पदराला निळे धागे चिकटले होते. ती खुर्चीत बसायला तयार नव्हती. मी आग्रह केला तेव्हा टोकावर टेकली.

"सर, समदे म्हणत्यात तुमची पोरगी लई हुशार. पण घरी दुकानाची पाटी बी मलाच इचारती, आई काय लिवलंय. मी आपली चौथी शिकलेली. नववीला आता नापास करत्यात म्हणं. माझी पोरगी जाईल ना पुढं? तिला माझ्यासारखं धागं कापाया बसवायचं न्हाई मला."

"तिची चिंता करू नका," मी म्हणालो. "ती माझ्या हाताखाली आहे."

ती वाकून माझ्या पाया पडली. मी आशीर्वाद दिला.

डिसेंबरात स्पर्धेच्या दिवशी आम्ही दोघे रिक्षाने अंबरनाथला गेलो. तिने दोन वेण्यांना पांढऱ्या फिती बांधल्या होत्या आणि वाटेत चारदा स्पर्धेचा संपूर्ण अध्याय म्हणून दाखवला. सभागृह पालकांनी भरले होते. तिची पाळी आली तेव्हा ती व्यासपीठाच्या मध्यभागी उभी राहिली आणि म्हणू लागली. मी डोळे मिटले. खरे सांगायचे तर त्या पाच-सहा मिनिटांत मला माझ्या पाठशाळेतील ओसरी दिसली, आणि आपण एक तरी ज्योत पुढे दिली, असे समाधान वाटले. एकही चूक झाली नाही.

तिच्याइतकेच निर्दोष पठण आणखी एका मुलाचे झाले. पहिला क्रमांक कोणाला द्यावा यावर परीक्षकांचे काही वेळ बोलणे झाले. मग त्यांच्यातील एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, की दोघांनाही एक नवा, पूर्वी न दिलेला श्लोक वाचायला देऊ. उच्चार पाहू आणि निर्णय करू. त्यांनी कागदाच्या दोन चिठ्ठ्या काढल्या. मागणी अगदी रास्त होती. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच केले असते.

मुलाने वाचून दाखवले, दोन ठिकाणी अडखळत. मग तिच्या हातात चिठ्ठी आली. तिने ती दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरली आणि स्वच्छ आवाजात एक श्लोक म्हटला. तो आमच्या वर्गातला होता. चिठ्ठीतला नव्हता.

"बेटा, इथे हे लिहिलेलं नाही," परीक्षक म्हणाले.

तिने मान हलवली, चिठ्ठी थोडी जवळ घेतली आणि दुसरा श्लोक म्हटला. तोही वर्गातलाच. सभागृहात कोठेतरी हसू फुटले. परीक्षकही हसले. "अगं, जे समोर आहे ते वाच ना!"

मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. मी उभा राहिलो आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "आगाऊपणा करू नकोस. लिहिले आहे ते वाच."

तिने चिठ्ठी खाली घेतली आणि माझ्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. वर्गात चरण सुरू करण्यापूर्वी ती जशी माझ्या ओठांकडे पाहत असे, तशी ती पाहत होती.

"सर, तुम्ही एकदा म्हणा ना," ती म्हणाली. "मग मी म्हणते."

आता कोणी हसले नाही. मला सारे एकाच वेळी कळले. वंदना, पत्रिका, ती सुंदर उत्तरपत्रिका, दुकानाची पाटी. त्या क्षणी मी काय करायला हवे होते, याचा मी त्यानंतर पुष्कळ विचार केला आहे. मी वर जाऊ शकलो असतो. तिच्या हातातील चिठ्ठी घेऊन एकदा म्हणू शकलो असतो, आणि तिने ती दोनदा म्हटली असती. क्रमांक गेला असता, मुलगी राहिली असती. त्याऐवजी मी खाली बसलो. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या अनोळखी बाईंनी विचारले, "तुमचीच का विद्यार्थिनी?" मी मान दुसरीकडे वळवली.

परतताना रिक्षात ती कोपऱ्याला सरून बसली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "पुढच्या टायमाला ते आधी मला द्या, सर. मी पाठ करून ठेवते." मी रस्त्याकडे पाहत राहिलो. माझे मौन तिने राग समजून घेतले असावे.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. मी रोज हजेरी घेताना तिच्या क्रमांकाशी थांबे आणि पुढे जाई. तिच्या घरी जावे असे रोज वाटे. तिच्या आईच्या डोळ्यांना डोळा कसा भिडवावा, या विचारानेच पाऊल अडे. चार दिवस मी देवापुढे बसून शब्द जुळवीत राहिलो. पाचव्या दिवशी बाई तिला हाताला धरून घेऊन आल्या. ती आईबरोबर कारखान्यात जाऊन बसत होती.

"सर, एक अडचण आहे," बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या. "यायला तयार झाली, पण तुमच्या तासाला बसवू नका म्हणते."

"बरोबर आहे," मी म्हणालो. मग म्हणालो, "बाई, त्या दिवशी मी तुम्हांला बोललो ते चुकीचे होते."

"ते जाऊ द्या, सर. अर्धा तास मिळेल ना आता?"

मी तो अर्धा तास दिला, आणि जानेवारीत त्यांना विनवले, की मलाही शिकवा. या वयात मी जिन्याखालच्या बाकावर शिष्य म्हणून बसलो. अक्षर दाखवून थांबायचे, आपण बोलायचे नाही. मूल चुकले तरी लगेच सांगायचे नाही. त्याचे बोट शब्दाखालून सरकू द्यायचे. ओळ पूर्ण झाली, की तिचा अर्थ त्याच्याच शब्दांत विचारायचा. सगळ्यांत कठीण होते ते गप्प राहणे. चाळीस वर्षे माझे ओठ आधी हलत आले होते. आता नवा वर्ग आला, की पहिल्या आठवड्यातच मी प्रत्येकाला एकट्याने बोलावून काहीतरी न ऐकलेले वाचायला देतो, आणि जो पुस्तक मिटून म्हणू का असे विचारतो, त्याला आधी पुस्तक उघडायला सांगतो. यंदाच्या वर्गात असे दोन निघाले. ही रीत मी चाळीस वर्षांपूर्वी का शिकलो नाही, आणि तेव्हाच्या वर्गांत असे किती जण माझ्या टाळ्या घेऊन पुढे गेले असतील, याचा हिशेब मला लावता येत नाही.

फेब्रुवारीत बाई म्हणाल्या, की आता तिला राग राहिलेला नाही, एकदा तुम्ही घेऊन पाहा. ती आली, माझ्यासमोर बसली. मी साबणाचे वेष्टन पुढे ठेवले आणि ओठ घट्ट मिटून घेतले. ती वेष्टनाकडे पाहीचना. माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी बोटाने अक्षर दाखवले. तिने बोटाकडे पाहिले, पुन्हा माझ्या तोंडाकडे. दोन मिनिटांपूर्वी बाईंपाशी तीच ओळ तिने फोडून फोडून वाचली होती, हे मी स्वतः ऐकले होते. शेवटी ती हळूच म्हणाली, "सर, तुम्ही बोला ना."

बाईंनी मला संध्याकाळी सांगितले. फार सांभाळून सांगितले. "सर, तुमच्यासमोर ती ऐकायला लागते. सवयच आहे ती. वाचायचं विसरते. थोडे दिवस... थोडं लांब राहिलात तर बरं होईल."

आता ती नववीत आहे. तिने संस्कृत घेतले नाही. मुख्याध्यापकांनी मला विचारले, की तिला समजावू का. मी नको म्हटले. पठणही तिने सोडले आहे. शाळेच्या प्रार्थनेत ती मागे उभी असते आणि तिचा स्वर निराळा ऐकू येत नाही; मी कान देऊन पाहिले आहे. बाई सांगतात, की पहिल्या चाचणीत तिने तीन विषयांत स्वतः लिहिले, एकात ती उत्तीर्ण झाली. वर्षअखेरीस काय होईल, ते त्याही सांगू शकत नाहीत. तिच्या आईला मी फाटकाशी एकदा भेटलो आणि जे घडले ते सगळे सांगितले, आपली चूक न झाकता. तिने ऐकून घेतले. पाया पडली नाही. "बरं," एवढे म्हणाली आणि कामावर जायला निघाली.

माझा तास मधल्या सुट्टीनंतर असतो आणि वर्ग पहिल्या मजल्यावर आहे. मागच्या महिन्यात मी नेहमीच्या जिन्याने जात असताना खालून तिचा आवाज आला. ती वर्तमानपत्रातील काहीतरी वाचत होती. पाणीकपातीची बातमी असावी. एकेक अक्षर जुळवून, मध्येच थांबून, चुकीचा काना दुरुस्त करून. इतके अडखळते वाचन मी माझ्या वर्गात कधी खपवून घेतले नसते. मी पायरीवर उभा राहिलो. तिला माझी चाहूल लागली, तिने मान वर केली, आणि वाचन थांबले. बाईंनीही वर पाहिले.

तेव्हापासून मी मैदानाला वळसा घालून पलीकडच्या जिन्याने वर जातो. गुडघे दुखतात आणि वर्गात पोहोचायला दोन मिनिटे उशीर होतो. मुले विचारतात, "सर, रोज लेट का?" मी त्यांना पुस्तक उघडायला सांगतो.